गळतीसाहेबांनी ओ दिली

मूळ प्रश्न बेसिनचा होता, सोन्याचा नव्हताच. गळतीसाहेब हे आजही ज्याला त्याला सांगतात, आणि ज्याला सांगतात तो "हो हो, बेसिनचाच," म्हणून शेजारच्याकडे बघून हसतो. माणसाने निवृत्तीच्या तोंडावर घरात साधं हात धुवायचं बेसिन बसवायला घ्यावं आणि अख्ख्या गल्लीने त्याच्याकडे खाणमालकाकडे बघावं तसं बघावं, हा कुठला न्याय?

'गळतीसाहेब' हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचा एक विभाग असतो, त्याचे ते साहेब. साहेब म्हणजे खाली कोणी नाही आणि वर सगळे. काम असं, की रस्त्यावर एक लोखंडी सळई उभी धरायची, तिच्या वरच्या टोकाला पितळेची वाटी असते ती कानाला लावायची, आणि जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते ऐकायचं. भर रस्त्यात सळईला कान लावून डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाला लोकांनी मान द्यावा, ही अपेक्षा जरा जास्तच. पण साहेब ती ठेवून होते. तोंडावर लोक 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की मागे 'गळती' जोडत. त्यांचा कान तयार होता, त्यामुळे तेही त्यांना ऐकू यायचं.

तर बेसिन. साहेबांची एकुलती एक मुलगी बाळंत झाली होती, तीही ऑपरेशन होऊन. जावई जहाजावर. मुलीला काही महिने माहेरी यायचं होतं, आणि साहेबांच्या घराचं न्हाणीघर अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला. मागच्या वेळी ती आली तेव्हा साहेबांनी छत दुरुस्तीला काढलं होतं. त्याच्या मागच्या वेळी दारं काढून ठेवली होती. दोन्ही वेळा बिचारी नाकाला रुमाल लावून आल्या पावली परत गेली.

"बाबा," या खेपेला तिने फोनवर स्पष्टच सांगितलं, "मागच्या खोलीत नळ आणि बेसिन झालं असेल तर येते. नसेल तर आत्ताच सांगा, मी सासूबाईंकडे राहते. तिथे सगळं आहे."

'तिथे सगळं आहे' हे शब्द साहेबांना फार लागले. त्यात बायकोने शेजारी उभं राहून भर घातली.

"ती तिकडे गेली तर मीपण तिकडे. नातवाला कोणी धरायचं? तुम्ही बसा इथे सळई कानाला लावून."

साहेबांनी नातवाला अजून पाहिलं नव्हतं. फोटो पाहिला होता, पण फोटोत सगळीच बाळं सारखी दिसतात, रागावलेल्या हेडमास्तरांसारखी. त्यांना ते बाळ प्रत्यक्ष, स्वतःच्या हातात, स्वतःच्या घरात हवं होतं. इतकं हवं होतं, की ऑफिसात फाइल उघडली तरी तेच डोळ्यांपुढे यायचं. त्यांनी त्याच दिवशी गवंडी बोलावला.

गवंडी चांगला होता. म्हणजे त्याला एका कानाने कमी ऐकू यायचं आणि दुसऱ्यात तो कायम गाणी ऐकायची गुंडी घालून ठेवायचा, पण हात सरळ होता. त्याने मागच्या खोलीत सांडपाण्याच्या पाइपासाठी चर खणायला घेतला. कोपऱ्यातली फरशी उचलली, माती उकरली, आणि पहार मारली. ती आत गेली. पहार आत जातेच म्हणा, पण ही हातातून सुटून गेली. गवंडी रिकामे हात घेऊन खड्ड्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने, पहार पडली हे तो आणि शेजारी उभे असलेले साहेब दोघेही विसरून जातील इतक्या वेळाने, खालून आवाज आला. आणि त्या भोकातून गार वारा वर आला. त्याला ओल्या दगडाचा वास होता आणि नुकत्याच विझलेल्या दिव्याचा.

"साहेब," गवंडी कानातली गुंडी काढून म्हणाला, "तुमच्या घराला तळघर आहे हे आधी सांगायचं."

"मला कुठे ठाऊक होतं?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली आणि तिथून 'खाण सापडली' होऊन परत आली.

आता ही खाण म्हणजे काय, ते थोडक्यात सांगून टाकतो. गल्लीच्या मागे एक बोडकी टेकडी आहे. तिच्या पोटात कोणे एके काळी सोन्याची खाण होती आणि ती हरवली, असं गावात लहानथोर सगळे मानतात. एवढी मोठी खाण हरवते कशी, हा प्रश्न कोणी विचारत नाही. चष्मा हरवतो, छत्री हरवते, तशी खाणही हरवली. प्रत्येक घरात तिची एक तरी खूण आहे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या आजोबांची कोंबडी म्हणे टेकडीच्या बिळात शिरली आणि नदीकाठी बाहेर आली, तेव्हा तिचे पाय पिवळे धमक होते. "कोंबडीचे पाय पिवळेच असतात," असं साहेब एकदा म्हणाले होते, तर औषधवाल्याने महिनाभर त्यांना खोकल्याचं औषध उधारीवर दिलं नाही. कोणाच्या आजीच्या पाठीवर खाणीचा नकाशा गोंदलेला होता. पण आजी पडली सोवळ्या स्वभावाची, पाठ बघायची हिंमत कोणाला झाली नाही, आणि नकाशा तिच्याबरोबर गेला. कोणी म्हणे ज्या दगडावर पाखरू बसत नाही तिथे खाणीचं तोंड. गंमत अशी, की ते तोंड कायम दुसऱ्याच्या घराखाली निघायचं.

आणि सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी येऊन थांबायच्या. साहेबांच्या तयार कानाला ते लवकरच खटकलं.

"मग एक दिवस खाणीचं तोंड बसलं," औषधवाला म्हणायचा.

"आणि आतली माणसं?"

"बसलं म्हणजे बसलंच ना हो." इतकं बोलून तो बाटल्यांवरची धूळ पुसायला लागायचा. बाटल्यांवर धूळ नसायची.

सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक म्हणाला, रातोरात दार बंद करा. दुसरा म्हणाला, दार उघडं ठेवा, नाहीतर लोकांना संशय येईल. साहेबांचा मेहुणा तर पिशवी घेऊन राहायलाच आला. हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आयुष्यात त्याने पुष्कळ धंदे सुरू केले होते आणि बंद एकही केला नव्हता, ते आपले आपण बंद पडले होते.

"दाजी," तो भोकात टॉर्च मारत म्हणाला, "बेसिन काय घेऊन बसलात? उद्या तुम्ही बेसिनचा कारखाना काढाल."

"मला एकच बेसिन हवंय. आणि ते पुढच्या आठवड्यात हवंय."

पण साहेब सरकारी माणूस. घराखाली पोकळी सापडली, तर ती कळवणं आलं. ते रीतसर रजा टाकून खनिज खात्याच्या कचेरीत गेले. तिथे एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत, दुसरीतून परत पहिलीत असं करत शेवटी एका टेबलाशी पोहोचले. टेबलामागचा कारकून डबा खात होता.

"सोनं सापडलं की खड्डा?" त्याने विचारलं.

"खड्डा."

"खाणीचा?"

"तसं म्हणतात लोक."

"आमच्या दप्तरात तिथे खाण नाही."

"उत्तम. मग मी तो बुजवून टाकतो."

"खाणीचं तोंड परवानगीशिवाय बुजवता येत नाही."

"मग परवानगी द्या."

"जी खाण नाही तिची परवानगी कशी देणार?" कारकुनाने बोटं पुसली. "असती, तर लगेच दिली असती."

साहेबांनी घसा खाकरला, सेवेची वर्षं सांगितली, आवाजही थोडा चढवून पाहिला. कारकून डब्याचं झाकण लावत होता. साहेब पुन्हा बोलले. कारकुनाने मान वर केली नाही. तिसऱ्यांदा बोलले, तेव्हा तो शेजारच्या टेबलाशी क्रिकेटबद्दल बोलायला लागला. समोर माणूस उभा आहे, बोलतो आहे, आणि समोरच्याने तो नाहीच असं वागावं! साहेबांचे कान लाल झाले. घरी येताना बसमध्ये ते स्वतःशीच म्हणाले, निदान 'नाही' तरी म्हणायचं होतंस रे. निदान ओ तरी द्यायची.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी ती चूक झाली. ती चूक त्यांच्याच खात्यातला माणूस करू शकतो, दुसरा नाही.

बायको बाजारात गेली होती. मेहुणा पुढच्या खोलीत घोरत होता. जेवणानंतर गल्ली निपचित पडते, तशी पडली होती. साहेबांच्या मनात आलं, खाली पाइप फुटून पाण्याने जमीन पोखरली असेल, तर ही पोकळी खाणीची नव्हेच, आपल्याच खात्याची आहे. त्यांना एकदम हुरूप आला. त्यांनी ऑफिसची सळई आणली, भोकाच्या कडेला टेकवली आणि वाटीला कान लावला.

पाण्याचा आवाज नव्हता. तीन ठोके आले. ठक, ठक, ठक.

आता गळतीच्या कामात एक पद्धत असते. जमिनीखालचा पाइप नेमका कोणता हे ठरवायला एक माणूस या टोकाला तीन ठोके मारतो. म्हणजे 'मी इथे आहे, ऐकू येतंय का?' पलीकडच्याला ऐकू आलं की तो दोन ठोके मारतो. म्हणजे 'येतंय.' साहेबांनी सगळी नोकरी हेच केलं होतं. झोपेत कोणी कपाटावर तीनदा वाजवलं तरी त्यांचा हात पलंगावर दोनदा आपटायचा. तेव्हा विचार करायला वेळच मिळाला नाही. तीन ठोके ऐकले आणि त्यांनी सळई उचलून दगडावर दोनदा मारली.

मारली, आणि मग त्यांना आठवलं की पलीकडच्या टोकाला आज कोणी नाहीये.

खाली एकदम शांत झालं. श्वास धरावा तसं. मग ठोके सुरू झाले. इकडून, तिकडून, घाईघाईने, एकावर एक, कितीतरी ठोके, जवळचे, लांबचे, अगदी पायाखालचे. साहेबांच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि सळई हातातून निसटून भोकात गेली. ती पडल्याचा आवाज आला आणि खालचे ठोके थांबले. कोणीतरी ती सळई उचलून बघत असावं इतका वेळ ते थांबले.

साहेब मागच्या दाराने अंगणात आले ते शेजारच्या काकूंच्या कुंपणाशी जाऊन थांबले. काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या खिडकीत रेडिओ मोठ्याने चालू होता. आत्ता कुठे साहेबांच्या लक्षात आलं की गल्लीत दुपारी सगळ्यांचेच रेडिओ चालू असतात. माणसं झोपलेली, आणि रेडिओ चालू.

"काकू, तुम्हाला कधी खालून..."

"ठोके?" काकूंनी चिमटा तोंडातून काढला. "येतात की."

"येतात? तुमच्याकडेपण?"

"सगळ्यांकडेच येतात. माझ्या सासूबाई होत्या तेव्हापासून येतात. तुमच्या घरात जाड फरशी, म्हणून तुम्हाला कळलं नाही. आम्ही रेडिओ लावतो."

"अहो, पण कोणी बघितलं नाही? विचारलं नाही?"

काकूंनी चादर झटकली. "विचारायचं कोणाला? विचारलं की उत्तर आलं. उत्तर आलं की मग काहीतरी करणं आलं. तेव्हाच्या लोकांनी नाही केलं, आता आम्ही काय करणार? तुम्ही काही बोलला नाहीत ना त्यांच्याशी?"

साहेबांनी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. त्यांनी राहिलेले ओले कपडे तसेच बादलीत टाकले आणि घरात जाऊन दाराला आतून कडी लावली. रेडिओचा आवाज वाढला.

तिथून पुढे घराची दशा काय वर्णावी! दुपार झाली की ठोके. आधी खोलीच्या कोपऱ्यात, मग मधोमध, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. ओ मिळाली होती ना, आता खालचे त्या आवाजाच्या मागावर निघाले होते. बायकोने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि साहेबांकडे बघितलं. त्या बघण्यात लग्नापासूनचा सगळा हिशेब होता.

"अख्ख्या गल्लीत एवढी वर्षं कोणी ओ दिली नाही," ती म्हणाली, "ती तुम्ही दिलीत."

"सवय गं."

"मी आजारी असताना हाका मारल्या, तेव्हा कुठे गेली होती ही सवय?"

मेहुण्याचं डोकं मात्र सोन्याच्याच दिशेने चालत होतं. "दाजी, ठोके म्हणजे खूण आहे. सोनं कुठे आहे ते दाखवतायत. जिथे जास्त ठोके, तिथे जास्त सोनं." एवढं बोलून तो ठोके आले की पाय वर घेऊन खुर्चीवर बसायचा.

मुलगी दोन दिवसांवर आली. साहेबांनी मन घट्ट केलं. खनिज खातं गेलं खड्ड्यात, भोक बुजवायचं. वर दगडी फरशी, तिच्यावर सिमेंट, तिच्यावर बेसिन. त्यांनी गवंड्याला नीट बजावलं.

"उद्या जेवण झाल्यावर थेट मागच्या खोलीत यायचं आणि फरशी बसवायची. आम्ही असू नसू. आतून काही आवाज आला तरी लक्ष द्यायचं नाही. हाक आली तरी नाही."

"मला तसंही ऐकू येत नाही," गवंडी म्हणाला.

बायकोलाही त्यांनी सांगितलं, की उद्या दुपारी रेडिओ मोठ्याने लाव आणि काही झालं तरी मागे येऊ नकोस. बायकोने मान डोलावली. साहेबांचं म्हणणं तिने इतक्या सहज ऐकल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण.

सगळं ठरलं. आणि ऐन वेळी साहेबांना सळई आठवली.

ऑफिसची सळई! तिच्यावर खात्याचा शिक्का होता, नंबर होता. निवृत्तीच्या आधी ती परत करायची होती. 'सळई कुठे आहे?' 'खाणीत.' 'कोणत्या खाणीत?' 'जी दप्तरात नाही, तिच्यात.' साहेबांच्या डोळ्यांपुढे पेन्शनचा कागद टेबलाटेबलावरून फिरताना दिसायला लागला. भुताखेतांना माणूस एकवेळ तोंड देईल, पण हरवलेल्या सरकारी वस्तूच्या चौकशीला नाही. त्यांनी भोक माणूस शिरेल इतकं उकरलं, मेहुण्याला शिडी धरायला लावली, टॉर्च खिशात घातली, आणि इष्टदेवतेचं नाव घेत उतरले.

पहार पडायला एवढा वेळ का लागला होता कोण जाणे, शिडी पाचसहा पायऱ्यांतच तळाला टेकली. भोकाखालची जागा सोडली तर उभं राहता येत नव्हतं. एक बुटका बोगदा टेकडीच्या दिशेने आत गेला होता. भिंतींवर कुदळीचे घाव, छताला टेकू दिलेली काळी पडलेली लाकडं. टॉर्चच्या उजेडात पुढे काहीतरी पिवळं चमकलं. उगाच खोटं कशाला बोला, त्या एका क्षणात त्यांच्या मनात बंगला, गाडी आणि खनिज खात्याच्या कारकुनाचा पडलेला चेहरा, सगळं येऊन गेलं. जवळ गेले, तर ती सळईची पितळी वाटी होती. सळई पडलेली नव्हती. भिंतीला नीट टेकवून उभी केलेली होती.

त्यांनी ती उचलली आणि टॉर्च भिंतीवर गेली. बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर दगडात खळगे होते. लहान लहान, वाटीएवढे, एकाला लागून एक, बोगद्यात दिसेल तिथपर्यंत. साहेबांना काही क्षण कळेना, की हे काय आहे. मग कळलं. ठोकून ठोकून दगड झिजला होता.

तेवढ्यात आतून तीन ठोके आले.

"दाजी!" वर मेहुणा किंचाळला. "मी आलोच हं!" असं म्हणून तो जो गेला तो थेट बस स्टँडवर गेला. जाताना शिडी त्याने मुद्दाम वर ओढली की ती त्याच्या विजारीत अडकून वर गेली, यावर नंतर बराच वाद झाला. खाली साहेबांना एवढंच दिसलं, की शिडी नाही. आणि मग वर गवंड्याचं डोकं दिसलं, कानात गुंडी, ओठांवर गाणं.

"अरे, मी आहे! मी खाली आहे!"

गवंड्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. साहेबांनीच बजावलं होतं ना! दगडी फरशी घासत आली, उजेड अर्धा झाला, मग पाव, मग संपला.

साहेब ओरडले. वर रेडिओवर कोणीतरी बाई शेतीच्या अवजारांबद्दल सांगत होती. साहेबांनी सळई उंच धरली आणि फरशीला खालून तीन ठोके मारले. ऐकू येतंय का?

रेडिओचा आवाज वाढला. त्यांच्याच घरातला, त्यांच्याच बायकोने वाढवलेला. त्यांनी पुन्हा ठोकलं. शेजारी काकूंचा रेडिओ वाढला. पुन्हा ठोकलं. पलीकडचा वाढला, त्याच्या पलीकडचा वाढला. अख्खी गल्ली त्यांचे ठोके ऐकत होती, आणि ऐकू येऊ नये म्हणून गाणी लावत होती. साहेब अंधारात मटकन खाली बसले. टॉर्च मिणमिणत विझली. त्यांना भीती वाटली, खूप वाटली, पण भीतीपेक्षा जास्त वाईट वाटलं. मी वर होतो तेव्हा मीसुद्धा हेच सांगितलं, त्यांच्या मनात आलं. हाक आली तरी लक्ष देऊ नकोस, हे माझेच शब्द.

त्यांनी शेवटचा म्हणून हात उचलला आणि अगदी हळू, आशा नसलेल्या माणसाने मारावेत तसे तीन ठोके मारले.

पाठीमागून, बोगद्यातून, दोन ठोके आले.

येतंय.

साहेबांच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस, तोंडातून निघालं काय? "आभारी आहे."

आणि मग तिथे, त्या काळोखात, गळतीसाहेब रडले. ज्यांना कोणी ओ दिली नाही त्यांनी त्यांना दिली होती. साहेब वर तीन ठोके मारत राहिले, आणि प्रत्येक वेळी मागून दोन येत राहिले. ते हळूहळू जवळही येत होते. साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. पण कोणीतरी शेजारी येऊन बसावं तसा गारवा खांद्याला लागला, तेव्हा ते थोडेसे सरकले आणि त्यांनी जागा करून दिली.

वर मोटार थांबल्याचा आवाज आला. मग पावलं, मग बायकोचं "अगं, आजच कशी आलीस?" आणि मुलीचं उत्तर, "आज सोबत मिळाली म्हणून आले." पावलं मागच्या खोलीत आली. साहेबांनी जिवाच्या कराराने सळई मारली.

"आई, खालून कोणीतरी ठोकतंय."

"लक्ष देऊ नकोस. बाबांनी सांगितलंय. रेडिओ लावलाय मी."

"अगं पण कोणीतरी ठोकतंय ना!"

"ते तसंच असतं इथे."

"तसंच असतं म्हणजे काय? बंद कर तो रेडिओ." रेडिओ बंद झाला. मग फरशीवर गुडघे टेकल्याचा आवाज, आणि अगदी जवळून, "कोण आहे?"

"मी गं," साहेब म्हणाले. "बाबा."

त्यानंतर वर जो गोंधळ झाला तो सांगायला नको. बायकोने गवंड्याच्या कानातली गुंडी उपटून काढली. फरशी हटली, शिडी आली. सिमेंट अजून घमेल्यातच होतं म्हणून बरं. साहेब वर आले, डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखलेले, हातात सळई. बायको आधी रडली, मग ओरडली, मग पाणी आणायला गेली. मुलीने काही न बोलता बाळ त्यांच्या हातात दिलं. मातीचे हात, पण तिने दिलं. बाळाने डोळे उघडून आजोबांकडे पाहिलं आणि हेडमास्तरासारख्या कपाळाला आठ्या घातल्या. साहेबांना वाटलं, आता काही नको.

"साहेब," गवंडी शिडी वर ओढून घेत मागून म्हणाला, "सिमेंट सुकतंय. लावू का फरशी?"

खालून तीन ठोके आले.

बायकोचा हात पेल्यावर थिजला. मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिने भोकाकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, वडिलांच्या हातातल्या बाळाकडे पाहिलं. आता ही सासूबाईंकडे जाणार, साहेबांच्या मनात आलं. तिथे सगळं आहे. एका फरशीचा प्रश्न होता. फरशी लावली तर मुलगी राहणार होती, नातू राहणार होता, बेसिन बसणार होतं.

साहेबांनी बाळ मुलीच्या हातात परत दिलं. ते गुडघ्यांवर बसले आणि दगडावर दोन ठोके मारले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "किती जण आहेत?"

"माहीत नाही. कोणी विचारलंच नाही कधी."

"मग विचारा."

साहेब भोकावर वाकले. "किती जण आहात?" त्यांनी खाली हाक मारली. आवाज बोगद्यात लांबपर्यंत गेला.

एक ठोका आला, दणकट. मग एक, जरा डाव्या बाजूचा, थकलेला. मग एक. साहेबांचा कान तयार होता. प्रत्येक ठोका वेगळ्या हाताचा होता. हजेरी घेतल्यासारखे ते एकामागून एक येत होते. बायको बोटांवर मोजायला लागली आणि तिची बोटं संपली. तेवढ्यात काकूंच्या रेडिओवर गाणं लागलं.

मुलगी ताडकन उठली, खिडकी उघडली. "काकू, रेडिओ बंद करा! ऐकू येत नाहीये!"

बाळंतिणीचा आवाज तो, सगळ्या गल्लीत गेला. काकूंचा रेडिओ थांबला. मग औषधवाल्याचा. मग एकेक करून सगळे. कोणाला कधी आठवत नाही इतकी गल्ली शांत झाली, आणि त्या शांततेत खालचे ठोके घराघरात ऐकू येत राहिले. काकू ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना मान वर करता येईना.

शेवटचा ठोका जरा उशिरा आला. इतका हलका होता की साहेबांना सळईला कान लावावा लागला. त्यांनी वाटीवरून कान काढला आणि मुलीच्या हातातल्या बाळाकडे पाहिलं.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"लहान हात आहे," साहेब म्हणाले.

मुलीने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि ती भोकाच्या काठाशी खाली बसली. "फरशी लावायची नाही," ती गवंड्याला म्हणाली. "मी राहणार आहे इथे. तुम्ही शिडी खाली सोडा, आणि ती तिथेच राहू दे." गवंड्याने शिडी खाली सोडली. मग तो घमेल्यातल्या सिमेंटकडे बघत म्हणाला, की आता याचं काय करायचं, आणि बेसिन नक्की कोणत्या भिंतीला हवंय?